उडी

ब्रिजितानं मस्कतहून धाडलेलं पार्सल
माझ्या दुकानात येऊन पडलं,
कारण पत्त्यावर नुसतं
‘कायतान लोबो, बंदर रोड, वेंगुर्ले’
आणि कुरियरच्या पोराला एवढंच ठाऊक
की अडलं तर वाइंडिंगवाल्याला विचारायचं.

मी मोटारी गुंडाळणारा माणूस.
जॅझमधलं मला कळतं ते इतकंच :
तबकडी मिनिटाला तेहतीस फेरे
आणि वर थोडीशी फिरली पाहिजे.
मामांच्या प्लेअरचा पट्टा
सायकलच्या ट्यूबमधून मी तीनदा कापून दिलाय.

पेटीत चार तबकड्या, जाड,
मूळ फितीवरून धुऊनपुसून पुन्हा काढलेल्या.
झाकणावर फोटो. चौघं.
ट्रंपेट, सॅक्सोफोन, बास, ड्रम.
पियानो नाही.
कोट घालून भिंतीला टेकलेले,
दुसऱ्या पंगतीची वाट बघणाऱ्या वऱ्हाडासारखे.

मामांनी एक तबकडी तळहातावर तोलली.
“सरंगो पावशेराक कमी,” म्हणाले,
पण हात थरथरत होता.

यातलीच एक त्यांच्याकडे होती.
एकसष्ट साली, मुंबईच्या हॉटेलात क्लॅरिनेट वाजवायचे तेव्हा
एका जहाजावरच्या खानसाम्याकडून घेतलेली.
गावी आणताना
बोटीतून पडावात ट्रंक उतरवली ती आपटली,
दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या चिजेवर
नखाएवढा ओरखडा.

“ह्ये घामाघूम होयत नाय,” मामा सांगायचे,
“तोंडात बरफाचो खडो धरून फुकतत.”

तर त्या तिसऱ्या चिजेत
सॅक्सोफोन जिना उतरत यायचा,
तीन पायऱ्या उरल्या की सुई उडायची
आणि माणूस थेट अंगणात.
मामांनी ती तशीच कानानं उचलली.
बँडच्या पोरांना तशीच शिकवली,
इनासला, सांतानला, येरागींच्या बाबलला.
वरातीत, फेस्ताला, गणपती पोचवताना
तिथं आलं की सगळं गाव
उजवा पाय उचलून टुणकन पुढं.
माझ्या लग्नात माझी आतेसुद्धा उडाली होती,
हातात आरतीचं ताट घेऊन.

आता संध्याकाळ. लाइट होती.
सुई त्या जागी आली
तेव्हा सवयीनं माझा पाय उचलला गेला.

उडी आलीच नाही.

आठ मात्रा. सॅक्सोफोन गप्प.
बास एकटा चालत राहिला,
ओल्या पुळणीवरून चालावं तसा, घाई नाही.
एक खुर्ची करकरली.
मग कुणीतरी नाकानं हवा आत ओढली,
स्पष्ट,
आणि मग तो सूर, आम्हाला ठाऊक असलेला.

मामांनी सुई उचलली. मागे नेली. पुन्हा.
पाचव्यांदा मी मोजायचं सोडलं.

“ह्या खंय होता रे इतकी वर्सां?”
मग बऱ्याच वेळानं,
प्लेअरकडे बघतच :
“तो नुसतो दम घेय होतो.
आणि मी साठ वर्सां
पोरांक थंय दम घेवक दिलंय नाय.”

मला इनासचं तोंड आठवलं,
त्या जागी दरवेळी जांभळं व्हायचं.
आम्हाला वाटायचं, दारू.

जानेवारीत फेस्त.
मामांनी तीन शनिवार तालीम घेतली.
जिना उतरला, तीन पायऱ्या उरल्या,
बँड थांबला.
गावाला कुणी सांगितलं होतं?
सगळे उडाले,
आणि एका पायावर उतरून
एकमेकांकडे बघत राहिले.
बास नव्हता आमच्यात.
ढोलवाला एकटाच मात्रा मोजत होता,
चार, पाच,
कुणाचं तरी पोर फिस्सकन हसलं,
सहा,

आणि चर्चच्या पायरीवरून
ऐंशीला टेकलेल्या इनासनं हवा ओढली,
इतक्या जोरात
की मागच्या माडाखाली उभ्या असलेल्या मलाही
ऐकू आली.